केसाएवढा तडा

आमच्या ट्रकच्या पुढच्या डाव्या कमानीचा, म्हणजे चाकावरच्या पाट्यांच्या स्प्रिंगचा, मेन पाटा. बुश बसतो त्या वळणाच्या जरा अलीकडे एक तांबूस रेघ होती, बोटाच्या पेरापेक्षा लांब नसेल. काकांनी बॅटरीचा उजेड तिरका धरला की ती दिसायची, सरळ धरला की नाहीशी व्हायची. काका म्हणजे आमचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर, आण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, वेळेपासूनचे. साखर कारखान्याच्या गोदामापुढे गाड्यांची रांग लागलेली, आमची दहाचाकी भरायला आत जाण्याआधी अजून दोन गाड्या होत्या, आणि पहाटेच काकांचा फोन आला होता, "ताई, जरा येऊन जावा. मला एकट्याला ठरवायला नको वाटतंय." मी चिंधी डिझेलमध्ये बुडवून ती जागा घासली, मग कोरड्या कापडाने पुसून लख्ख केली. चिखलाची रेघ पुसल्यावर जाते. ही गेली नाही. आम्ही दोघं तसेच चाकाशेजारी बसून राहिलो आणि थोड्या वेळाने पुन्हा बघितलं, तर त्या रेघेत शिरलेलं डिझेल हळूहळू बाहेर येऊन तेवढीच जागा ओली दिसायला लागली होती. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही.

गाडीला भाडं मिळवून देणारे ट्रान्सपोर्टवाले मात्र बोलले. "ताई, केसाएवढं तर हाय. एवढी खेप मारून येऊ द्या, मग करा की निवांत काम. आणि पासिंग गेल्याच वर्षी झालंय न्हवं का गाडीचं?" झालं होतं. सरकारी तपासणीचा तो कागद अजून वर्षभर चालणार होता. पण पुढचा ॲक्सल त्या बाजूला धरून ठेवतो तो हा एकच पाटा. तो वळणापाशी सुटला तर ॲक्सल त्या अंगाने मागे सरकतो आणि मग स्टीअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. मी भाडं सोडते म्हणाले. त्यांनी पुढे वाद घातला नाही, फोन लावला. आमचा चहा संपायच्या आत आमच्या जागी दुसरी गाडी येऊन उभी राहिली.

ती गाडी न बघणं मला जमलं नाही. मागच्या जोडचाकांतले बाहेरचे टायर गोटा झालेले, नक्षी बोटाला लागत नव्हती. एका चाकाचा एक नट जागेवर नव्हता, आणि त्याच्या शेजारच्या दोन नटांखालून गंजाचे लाल ओघळ रिमवर बाहेरच्या दिशेने गेलेले. असे ओघळ बहुतेक वेळा नट सैल झाल्यावरच येतात. नट आणि रिम एकमेकांवर घासतात, त्याची लोखंडी पूड पावसात भिजून वाहते. ड्रायव्हर विशीतला पोरगा होता. मी दाखवलं तेव्हा त्याने मान हलवली. त्याला माहीत होतं. "मालकांना सांगितलंय. पुढच्या खेपेला बघू म्हणाले." काकांनी काही न बोलता आमच्या गाडीतला पाना आणि टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, काढला, त्या पोराला बरोबर घेतलं आणि समोरासमोरचे नट धरत ते चाक पुन्हा आवळून दिलं. नसलेला नट कुठून आणणार? गाडी भरली, ताडपत्री बांधली, निघाली.

दुसऱ्या दिवशी माल वाशीला सुखरूप पोचला.

हेच मला अजून टोचतं. त्या गाडीला काही झालं असतं असं मनात आणणंही पाप आहे, त्या पोराचा चेहरा डोळ्यासमोर आहे. तो पोचला याचा मला खरोखर आनंद झाला. पण ट्रान्सपोर्टवाल्यांच्या हिशोबात त्या दिवशी एक गोष्ट पक्की झाली, की तडा असलेली गाडी गेली असती तरी चाललं असतं, ताई उगाच बाऊ करतात. आणि त्यांना चूक ठरवायला माझ्याकडे काहीच नाही. पाटा बदलला, जुना पाटा भंगारात गेला, वहीत भाड्याच्या रकान्यात शून्य आणि खर्चाच्या रकान्यात पाटा, बुश, मजुरी. जे झालं नाही त्याला रकाना नसतो. आपल्या गाडीची तपासणी आपणच करायची म्हटलं की हा हिशोब कायम असाच लागतो, आणि तो असा लागणार हे माहीत असूनही दर खेपेला वाकून खाली बघावं लागतं.

आण्णांनी हे मला शिकवलं असं म्हणता येणार नाही. ते शिकवत नसत, आम्ही फक्त बघत असू. लहानपणी कराडला आमच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत गाडी लागली की आण्णा टॉमी घेऊन गाडीभोवती एक फेरी मारत. प्रत्येक टायरवर एक ठोका. ठण्ण आवाज आला की पुढे, बद्द आवाज आला की थांबायचं. आतल्या टायरपर्यंत पोचायला ते टॉमी तिरकी घालत. आम्ही भावंडं अंथरुणात असायचो आणि ते ठोके मोजायचो, मधेच ठोके थांबले की आज आण्णा लवकर निघणार नाहीत हे कळायचं. आता त्यांचा उजवा कान जवळजवळ गेला आहे. वर्षानुवर्षं तो कान खिडकीकडे होता, वारा आणि समोरच्या गाड्यांचे हॉर्न त्याच कानाने झेलले. ठोक्याचा आवाज त्यांना आता नीट कळत नाही. गाडी मुंबईहून परत आली की मात्र ते खुर्चीतून उठतात आणि चाकांपाशी जातात. "ऐकू येत न्हाई म्हणून काय झालं? हात हायत की."

हाताने ते जे बघतात ते मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. गाडी नुकतीच थांबलेली असताना हाताची पालथी बाजू प्रत्येक चाकाच्या ब्रेक ड्रमजवळ न्यायची, टेकवायची नाही. सगळ्या ड्रमची धग साधारण सारखी लागायला हवी. एखादा भलताच तापलेला असेल तर तिथे ब्रेक सुटत नाही, ड्रमला आतून धरणारा लायनर घासतोय, किंवा बेअरिंग गेलंय. हे कुणालाही सुचेल. पण आण्णांना जास्त काळजी वाटते ती थंड ड्रमची. घाट उतरून आलेल्या गाडीचा एखादा ड्रम थंड असेल तर ते चाक ब्रेक लावतच नाही, त्याच्या वाटणीचं काम बाकीची चाकं करताहेत, आणि ती जास्त तापताहेत. गरम चाक सगळ्यांच्या लक्षात येतं, त्याचा वास येतो, धूर निघतो. थंड चाक गप्प असतं. बोरघाट उतरल्यावर आमच्या गाड्या पहिल्यांदा जिथे नीट थांबता येईल तिथे थांबतात, आणि ड्रायव्हर खाली उतरून चाकांची धग अशी हाताने बघून मगच चहाला जातो. नव्या पोरांना हे सांगितलं की आधी ती एकमेकांकडे बघतात. एकदा थंड ड्रम हाताला लागला की मग कुणाला सांगावं लागत नाही.

माझी स्वतःची तपासणी पहाटेची. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, आणि त्या वेळी हायवेची घरघर कमी असल्याने हवेची गळती ऐकू येते. चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, इंजिन चालू करून हवेचा काटा आठाच्या आसपास येऊ द्यायचा, मग इंजिन बंद करायचं आणि हँडब्रेक सोडायचा. कुणीतरी केबिनमध्ये ब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि मी गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून चालत जाते. कुठे बारीक फुस्स ऐकू आली की साबणाचं पाणी. जॉइंटवर फुगे आले की जागा सापडली. मग केबिनमधल्याने ब्रेक दाबत-सोडत हवा उतरवायची आणि काटा खाली येताना हवा कमी झाल्याचा बझर वाजतो का ते बघायचं. हा बझर बऱ्याच गाड्यांत वायर काढून गप्प केलेला असतो, कारण तो सकाळी हवा भरेपर्यंत किरकिरतो. मी नवी गाडी बघायला जाते तेव्हा आधी तो बझर बघते. मालक कसा आहे ते तिथे कळतं.

त्यानंतर खडू. ब्रेक चेंबरमधून बाहेर येणाऱ्या रॉडवर, चेंबरला लागून, खडूची रेघ मारायची. ब्रेक दाबला की रॉड बाहेर येतो, रेघ चेंबरपासून लांब जाते. किती लांब गेली ते पट्टीने मोजायचं, डावी-उजवीकडचा आकडा ताडून बघायचा आणि वहीत लिहायचा. जास्त आला तर स्लॅक, म्हणजे रॉड आणि ब्रेक यांच्यातली ढिलाई जुळवणारा भाग, बघायचा. आपोआप ॲडजस्ट होणारे स्लॅक आले तेव्हापासून हे मोजायची गरज नाही असं गॅरेजमध्येही ऐकवतात. मला ते पटत नाही. आपोआप होणारी गोष्ट होते आहे की नाही हे कुणीतरी बघायला नको का? आणि मोजलेला आकडा एकदा लिहून ठेवला की पुढच्या वेळी तो कुठे सरकला ते दिसतं. एकट्या आकड्यापेक्षा मला तो सरकण्याचा वेग जास्त सांगून जातो.

टायरच्या बाबतीत माझं आणि आण्णांचं जुनं भांडण आहे. ठोक्याने बसलेला टायर कळतो, कमी हवेचा कळत नाही. आमच्या टायरला १२० पाऊंडांच्या आसपास हवा लागते. ती ९० वर आली तरी टॉमीखाली ठण्णच वाजतो, डोळ्यालाही काही दिसत नाही. जोडचाकात आतल्याची हवा अशी कमी झाली की त्याचा भार बाहेरचा टायर उचलतो, आतला नुसता दबत-फुगत तापत राहतो, आणि उन्हाळ्यात दुपारी केव्हातरी फुटतो. म्हणून मी गेज लावते, गाडी थंड असताना, आतल्या टायरलाही, स्टेपनीलाही. नक्षीच्या खाचांत १.६ मिलिमीटरची खूण असते, बारीक आडवी पट्टी. नक्षी झिजून त्या पट्टीच्या बरोबरीला आली की टायर संपला. आण्णांच्या मते ती पट्टी पुढच्या चाकांसाठी फार उशिरा येते, पुढचा टायर त्याच्या आधीच मागे टाकावा. यात ते बरोबर आहेत. गेजच्या बाबतीत मी बरोबर आहे. दोघंही मागे हटत नाही, आणि गाडीला त्याचा फायदाच होतो.

पासिंगबद्दल माझ्या मनात राग नाही. मोटार वाहन कायद्याने योग्यता प्रमाणपत्र सक्तीचं केलं नसतं तर रस्त्यावर काय काय फिरलं असतं याचा विचारच नको. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. पण तपासणाऱ्याला गाडी दिसते ती एका सकाळी. धुतलेली, रंग मारलेली, रिफ्लेक्टरची नवी पट्टी चिकटवलेली, रिकामी. लहानपणी आमच्या शेजारच्या अड्ड्यावर मी एका गाडीचे चांगले टायर काढून दुसरीला लावताना बघितलेत, दुसरी पासिंगहून आली की परत पहिलीला. तिसऱ्या गाडीचा नंबर पुढच्या आठवड्यात. तेच टायर. त्यात कुणाला काही लपवल्यासारखंही वाटत नव्हतं, लग्नाला शेजारच्या घरून सतरंज्या आणाव्यात इतकं ते सहज चालायचं. त्या सकाळनंतर पुढची दोन वर्षं ती गाडी भरलेली असते, पावसात असते, खड्ड्यांत असते. तीन ॲक्सलच्या गाडीचं भरलेलं वजन २०१८ साली २५ टनांवरून २८.५ टनांवर नेलं. ते वजन घेऊन कराडहून निघालेली साखरेची गाडी जवळजवळ तीनशे किलोमीटरमध्ये तीनदा मोठा उतार उतरते. खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं ते इंग्रजी एससारखं वळण, मग कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नऱ्ह्याकडून नवले पुलापर्यंतचा उतार, आणि शेवटी बोरघाट. पाटे, बुश, लायनर, नट, सगळ्यांची परीक्षा तिथे होते. तिथे तपासणारं कुणी नसतं.

नवले पुलाचं नाव घेतलं की आमच्या धंद्यातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकने एकामागून एक कितीतरी गाड्यांना धडक दिली. अशा प्रत्येक अपघातानंतर पहिला शब्द ऐकू येतो, ब्रेक फेल. मला त्या शब्दापाशी थांबावंसं वाटतं, कारण लोकांना वाटतं की हवा संपली आणि ब्रेक गेले. आताच्या गाडीत हवा पूर्ण गेली तर मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक उलट आपोआप लागतात, गाडी जागेवर जखडते. उतारावर बहुतेक वेळा होतं ते वेगळंच. सतत ब्रेक दाबून ड्रम तापतो, तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब जातो. लायनरचीही पकड सुटते. रॉडला आता जास्त अंतर जावं लागतं, आणि स्लॅक आधीच ढिला असेल तर तेवढं अंतर त्याच्याकडे उरलेलं नसतं. पायाखाली पेडल नेहमीसारखंच दाबलं जातं, काट्यावर हवा दिसते, आणि गाडी थांबत नाही. खडूने मोजलेला आकडा कशासाठी, ते इथे कळतं. रॉडची वाढलेली दोन बोटं यार्डात काहीच त्रास देत नाहीत. नवले पुलाच्या उतारावर तीच हवी असतात.

आणि न्यूट्रल. जुने लोक सांगत, ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. न्यूट्रल केलं की इंजिनचा अटकाव गेला, सगळा भार ब्रेकवर. इंजिनच बंद केलं तर हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबला, पॉवर स्टीअरिंग जड झालं. कुठलाही ड्रायव्हर हे हौसेने करत नाही. खेपेला अमुक लिटर डिझेल, त्यातून वाचलं ते तुझं, असा करार मालकानेच केलेला असतो. मग उतार आला की त्याचा हात आपोआप गिअरकडे जाणार. म्हणून मला वाटतं, गाडीची तपासणी चाकांपासून सुरू झाली तरी ती पगाराच्या वहीपर्यंत यायला हवी. आमच्याकडे वाचलेल्या डिझेलचा हिशोब ड्रायव्हरशी जोडलेला नाही. खेपेचा भत्ता ठरलेला, डिझेल लागेल तेवढं. याने आमचं नुकसान होतं असं शेजारचे मालक मला अजून सांगतात. होतही असेल.

खरं अवघड काय आहे ते सांगते. वाकणं अवघड नाही, ग्रीसने माखणं नाही, खड्ड्यात उतरून वर बघताना डोळ्यात माती पडते तेही नाही. अवघड हे की तपासणारी मी आणि भाडं बुडणारीही मीच. गाडीखाली जायच्या आधीच मनाला काय सापडायला नको ते माहीत असतं. महिन्याचा हप्ता भरायचा असतो, व्यापारी फोन करत असतो, आणि बॅटरीचा उजेड जरा सरळ धरला तर रेघ दिसतच नाही. सरकारी माणसाला गाडी नापास करताना त्याच्या खिशातून काही जात नाही. म्हणूनच बाहेरचा तपासणारा हवा हेही मला कळतं. पण तो रोज येणार नाही. तेव्हा आम्ही घरात एक नियम केला. गाडीखाली एकाने जायचं नाही, दोघांनी जायचं, आणि त्यातला एक ती गाडी घेऊन जाणारा ड्रायव्हर. दोघांपैकी एकानेही नको म्हटलं की गाडी हलत नाही, कारण विचारायचं पण वाद घालायचा नाही. काकांनी त्या पहाटे फोनवर म्हटलं की एकट्याला ठरवायला नको वाटतंय, ते याच नियमाने. त्यांनी एकट्याने ठरवलं असतं तर त्यांना माझ्या हप्त्याची काळजी वाटली असती. मी एकटीने ठरवलं असतं तर, खरं सांगायचं तर, मला माझीच खात्री नाही.

माझा मावसभाऊ इंग्लंडात लेस्टरजवळ लॉरी चालवतो. त्याच्याशी यावर बोलणं होतं. तिकडे ड्रायव्हर सकाळी गाडीभोवती फेरी मारून दोष लिहून देतो, दोष नसेल तर नाही असंही बऱ्याच ठिकाणी लिहून घेतात. गाडीची मोठी तपासणी मालकाने ठरवलेल्या मुदतीत स्वतः किंवा गॅरेजकडून करून घ्यायची, आणि तिचे कागद किमान १५ महिने जपून ठेवायचे, कुणीही मागितले तर दाखवायला. चाक काढून बसवलं की अर्ध्या तासाने किंवा ४० ते ८० किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा आवळून बघायचे, हे त्यांच्या सरकारी मार्गदर्शिकेतच लिहिलेलं आहे. ते वाचून आण्णा खूश झाले, कारण शिरवळच्या आसपास थांबून नट आवळायची त्यांची सवय तीच होती, आणि तिला लोक म्हाताऱ्याची घाई म्हणत. मला त्यातली वही आवडली. भाऊ म्हणतो, कागद भरायचा कंटाळा येतो, पण मालक म्हणाला ने आणि मी म्हणालो नाही, तर माझ्यामागे कागद उभा असतो. त्या विशीतल्या पोराच्या मागे काय उभं होतं?

आमच्या यार्डात खंडेनवमीला गाड्यांची पूजा होते तशी हत्यारांचीही होते. पाने, टॉमी, जॅक, ग्रीसगन, आणि गेल्या काही वर्षांपासून आण्णांनीच त्यात माझा हवेचा गेज ठेवायला सुरुवात केली आहे. आदल्या दिवशी गाड्या खालून धुवायच्या, जोराच्या पाण्याने, चेसिस, पाटे, ॲक्सल, सगळं. वर्षभरात इतकी स्वच्छ गाडी पुन्हा दिसत नाही. झेंडूच्या माळा वर चढायच्या आधी मी खाली जाऊन येते. पाट्यांचे यू-बोल्ट, सेंटर बोल्ट, क्रॉसचे कप, टाय रॉडच्या टोकांच्या स्प्लिट पिना. कुणीतरी वर स्टीअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवत राहतं आणि मी खालून बघते, आधी जॉइंट हलतो की चाक. जॉइंट आधी हलला तर माळ नंतर, गॅरेज आधी. आई म्हणते नैवेद्य थांबतो, देव थांबत नाही. पण थांबतो तोही.

दिव्यांविषयी इथे मोठं लिहिणार नाही, तो वेगळा लेख होईल. आमच्या भागात हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या चालतात, कित्येकींना मागे एक दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाच्या वाड्यांखाली झाकलेला. त्यांच्यामागून येणाऱ्याला शेवटच्या क्षणापर्यंत काळोखच दिसतो. म्हणून आपल्या गाडीची मागची लाल आणि बाजूची पिवळी पट्टी ओल्या फडक्याने पुसणं, मागचा गार्ड वाकलाय का बघणं, हे मला ब्रेकइतकंच मोठं वाटतं. एक फडकं आणि बाटलीभर पाणी लागतं. पावसाळ्यात रोज.

आता साखर कारखान्याच्या गेटचं. तिथे गाडीचं वजन होतं, कागद बघतात, ताडपत्री फाटली आहे का बघतात, कारण साखर भिजायला नको. आणि गाड्या तिथे तासन्‌तास उभ्या असतात, भरायच्या आधी, रिकाम्या, थंड. तपासायला याहून चांगली वेळ आणि जागा मला सुचत नाही. मी कारखान्याच्या ऑफिसात अर्ज दिला, की गेटवर गेज आणि बॅटरी घेऊन एक माणूस बसवा, टायर, नट, पाटे, दिवे बघून मगच गाडी आत सोडा. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, गाडी नाकारली आणि माल अडला तर उत्तर कोण देणार? प्रश्न खरा आहे. म्हणून अर्ज मी पुन्हा लिहितेय. नाकारू नका, आधी नुसतं लिहा. काय सापडलं ते ड्रायव्हरला आणि ट्रान्सपोर्टला लिहून द्या, एक प्रत ठेवा. गेटशेजारी हवेचा कॉम्प्रेसर, मोठा पाना आणि नेहमीच्या मापांचे नट ठेवा, थांबलेल्या वेळात होईल तेवढं तिथेच करून घेऊ द्या. एका हंगामाचे कागद जमले की नाकारायचं कुणाला हे तुमचं तुम्हालाच दिसेल. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी मला हा अर्ज द्यायचा आहे.

काल तो आण्णांना वाचून दाखवला, डाव्या कानाशी बसून, मोठ्याने. त्यांनी सगळं ऐकलं आणि एक गोष्ट घालायला सांगितली. गेटवरच्या माणसाने वाकण्याआधी ड्रायव्हरला विचारायचं, गाडी कुठं ओढते, कुठं वाजते. त्याला सगळं ठाऊक असतं आणि तो सांगतोही, फक्त मालकाचा किंवा ट्रान्सपोर्टचा माणूस शेजारी उभा नको. म्हणजे तो माणूस कारखान्याच्याच पगारावरचा हवा, आणि विचारायची जागा गेटपासून थोडी बाजूला हवी. मला हे सुचलं नव्हतं. अर्जात तिसऱ्या क्रमांकावर घातलं आहे.